छोट्या फिश टँकचं पाणी आणि पीएच: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडून वारंवार येणारे प्रश्न

बेळगावात घरी मी बरीच वर्षं मासे पाळतो. गप्पी आणि मॉलीची थोडीफार पैदासही करतो. ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं २० ते ६० लिटरच्या गोड्या पाण्याच्या टँकसाठी आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पीएच म्हणजे नेमकं काय? माती परीक्षणाच्या कागदावर "सामू" असतो तोच काय?

होय, तोच. पाणी आम्ल आहे की अल्कली, हे सांगणारा आकडा. ७ म्हणजे मधोमध, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा: या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. ७ वरून ६ वर आलेलं पाणी दहापट आम्ल झालेलं असतं, आणि ५ वर आलेलं शंभरपट. म्हणून "७.८ चं ६.८ झालं, एकच तर आकडा" असं म्हणता येत नाही. माशाच्या कल्ल्यांना तो फरक सोसावा लागतो.

२. माझ्या माशांना कोणता पीएच पाहिजे?

गप्पी, मॉली, प्लॅटी, सोर्डटेल यांना ७ ते ८.२ मानवतो, आणि मॉलीला तर जड पाणी हवंच. गोल्डफिश ७ ते ८ मध्ये मजेत राहतो. फायटरला ६.५ ते ७.५ बरा, पण ८ पर्यंतही तो जुळवून घेतो. निऑन टेट्रा आणि डिस्कस हे मूळचे ॲमेझॉनच्या मऊ, आम्ल पाण्यातले, त्यांना ७ च्या खालचं पाणी आवडतं.

तरी एक सांगतो. दुकानात मिळणारे बहुतेक मासे शेततळ्यांत आणि हौदांत वाढलेले असतात. पुस्तकातल्या आकड्यापासून थोडं दूर असलेलं, पण स्थिर पाणी त्यांना चालतं. रोज वर-खाली होणारं "आदर्श" पाणी त्यांना मारतं.

३. केएच, जीएच, टीडीएस हे सगळं काय असतं? आरओवाल्याने टीडीएस पेन दिलंय, तेवढं पुरेल काय?

नाही पुरणार. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची गोळाबेरीज. त्यात मीठ किती, चुना किती, हे ते पेन सांगत नाही, आणि पीएचबद्दल तर काहीच सांगत नाही.

जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे आपण ज्याला पाण्याचा जडपणा म्हणतो तो. हाडं, खवले, पिल्लांची वाढ यांच्याशी त्याचा संबंध आहे.

या पानावर सगळ्यात महत्त्वाचा आहे तो केएच. पाण्यातल्या बायकार्बोनेटचा हा साठा. घरातली धान्याची कणगी डोळ्यासमोर आणा. टँकमध्ये रोज थोडं आम्ल तयार होतं आणि ते या कणगीतलं धान्य खातं. कणगीत धान्य आहे तोवर पीएच जागचा हलत नाही, सगळं नेहमीसारखं चाललेलं दिसतं. कणगीचा तळ लागला की मात्र पीएच एका रात्रीत कोसळतो. केएच अंशात मोजतात. १ अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका साठा. छोट्या टँकला निदान ३-४ अंश असावा, असं माझं मत आहे.

४. नळाचं, विहिरीचं की बोअरचं: आपल्याकडचं कोणतं पाणी माशांना चांगलं?

याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही. कारण आपल्या जिल्ह्यात दहा-वीस मैलांवर पाणी बदलतं. पुण्याच्या किंवा बेंगळूरच्या माणसाचा सल्ला आपल्याकडे फसतो तो इथेच.

पश्चिमेकडे, खानापूर-जांबोटी भागात पाऊस धो धो आणि जमीन तांबडी, जांभ्याची. जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात चुना फार मिसळत नाही, म्हणून ते बहुतेक मऊ आणि किंचित आम्ल असतं. निऑनला छान, पण कणगी जवळजवळ रिकामी. तिथल्या लोकांची तक्रार कायम "पीएच खाली जातो" अशी असते (प्रश्न ९ आणि १०).

बेळगाव शहरात नळाला राकसकोपचं आणि हिडकलचं पाणी येतं. एक मार्कंडेय नदीवरचं, दुसरं घटप्रभेवरचं. दोन्ही पावसाने भरणारी धरणं, म्हणून पाणी साधारण मऊ ते मध्यम. त्यात क्लोरीन असतं (प्रश्न ७).

शहरातल्या जुन्या विहिरी हा वेगळा विषय. टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आजही आहे, आणि शहापूर, वडगाव, अनगोळकडे कितीतरी परड्यांत आड आहेत. या पाण्यात क्लोरीन नाही, आणि ते बऱ्यापैकी स्थिरही असतं. पण शेजारी शोषखड्डा किंवा गटार असेल तर नायट्रेट (घाणीतून तयार होणारा क्षार, प्रश्न ९) उतरलेला असू शकतो. एकदा मोजून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. विहिरीचं पाणीच त्याच्या जवळ असेल, तर पाणी बदलून टँकमधला नायट्रेट कमी होणार कसा?

चिकोडी, रायबाग, अथणीकडे काळी जमीन, ऊस आणि खोल बोअर. पाणी जड, पीएच आठाच्या आसपास, कधी क्षारही भरपूर. पैदास करणाऱ्याला हे वरदान आहे. मॉली आणि गप्पीची पिल्लं या पाण्यात जशी धरतात तशी माझ्याकडे शहरात धरत नाहीत. तिथे राहून निऑनचा हट्ट धरू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

५. किट न घेता पाणी जड की मऊ ते कळेल काय?

अंदाज येतो. घरातल्या आईला किंवा आजीला विचारा: या पाण्यात तूरडाळ लवकर शिजते काय? साबणाला फेस येतो काय? पाणी तापवायच्या पातेल्याला पांढरी खपली धरते काय? डाळ टणक राहते, फेस येत नाही, खपली धरते, म्हणजे पाणी जड. त्यातली खपली सगळ्यात बोलकी. पाणी उकळल्यावर बायकार्बोनेट मोडून चुन्याचा थर बसतो, म्हणजे खपली हा केएचचाच पुरावा. आकडा मात्र किटशिवाय मिळत नाही.

६. पीएच आणि केएच घरी कसे मोजायचे? कशावर पैसे घालू?

पैसे मोजके असतील तर आधी केएचचं थेंबांचं किट घ्या, मग पीएचचं, मग अमोनियाचं (माशांच्या घाणीतून सुटणारं विष, प्रश्न ९). कागदी पट्ट्या स्वस्त वाटतात. पण आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात डबी एकदा उघडली की लवकर बिघडतात.

केएचची चाचणी फार सोपी आहे. नळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचं आणि एकेक थेंब टाकून हलवायचं. पहिल्या थेंबाला पाणी फिकट निळं होतं. दुसरा, तिसरा, निळंच. मग एखादा थेंब पडतो आणि हलवता हलवता निळ्याचं पिवळं होतं. मागे पांढरा कागद धरला तर तो क्षण चुकत नाही. बहुतेक किटांत पडलेले थेंब तितके अंश असतात. पहिल्याच थेंबाला पिवळं झालं, तर कणगी रिकामी आहे.

पीएच पेन घेतलं तर सोबतच्या ठरावीक पीएचच्या द्रावणांत बुडवून दर महिन्याला त्याचा आकडा जुळवून घ्या, आणि टोक कोरडं पडू देऊ नका. सांभाळ न केलेलं पेन आकडा दाखवतं, पण तो खोटा असतो. आणि मोजायचं ते रोज एकाच वेळी. का, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

७. नळाचं पाणी थेट टँकमध्ये घालू काय?

नको. पिण्याच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावं असं मानक आहे, आणि पावसाळ्यात वास येण्याइतकं जास्तही असतं. ते कल्ले जाळतं, आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतं. बादली उघडी ठेवून २४ तास जाऊ द्या. आत एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर काम लवकर होतं. घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलंय तेवढेच. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीनचाच टिकाऊ प्रकार) असेल तर ते नुसतं ठेवून उडत नाही, त्याला थेंबच लागतात.

८. पाणी किती आणि किती दिवसांनी बदलायचं? दर महिन्याला पूर्ण टँक धुतला तर चालतंय काय?

आठवड्याला पाचवा ते चौथा हिस्सा. टँकमध्ये पाणी किती आहे ते आधी काढा: लांबी, रुंदी, उंची इंचात मोजा, गुणाकार करा, ६१ ने भागा, उत्तर लिटरमध्ये येतं. २४ बाय १२ बाय १२ चा टँक ५६ लिटरचा. खडी आणि वरची रिकामी जागा सोडली तर ४५ धरा. म्हणजे आठवड्याला एक बादली, दहा लिटर. एवढंच काम आहे.

पूर्ण टँक कधीच धुऊ नका. माझ्या पहिल्या टँकचं सांगतो. तो विहिरीच्या पाण्यावर वर्षभर छान चालला होता. दिवाळीच्या साफसफाईत मी तो पूर्ण रिकामा केला, खडी चोळून चोळून धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळला आणि नळाचंच पाणी भरलं. काच अशी चकचकीत, की घरातले सगळे बघायला आले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहा मॉली तळाशी आडव्या पडल्या होत्या. एकाच दिवशी त्यांच्यावर क्लोरीन आलं, पाणी बदललं, आणि अमोनिया खाणारे जिवाणूही गेले. ते जिवाणू स्पंजमध्ये आणि खडीवर राहतात. त्यांना जम बसवायला चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज नेहमी टँकमधून काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने पिळायचा.

९. काहीही न घालता पीएच हळूहळू खाली का जातो?

कारण टँक जिवंत आहे. मासे अमोनिया सोडतात, उरलेल्या खाद्यातूनही तो सुटतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि या कामात आम्ल तयार होतं. ते आम्ल केएच खातं. अमोनियातला १ मिलिग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत न्यायला ७ मिलिग्रॅमहून थोडा जास्त साठा खर्च होतो.

हिशेब करून बघा. खानापूरकडच्या एखाद्या आडाच्या पाण्यात केएच २ अंश आहे, म्हणजे लिटरला साधारण ३६ मिलिग्रॅम. पाच मिलिग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट झालं की हा साठा संपला. त्या वेळी नायट्रेटचं किट जेमतेम २२ दाखवत असतं. "नायट्रेट तर कमीच आहे" म्हणून आपण निवांत असतो, आणि इकडे कणगीचा तळ लागलेला असतो. अथणीच्या बोअरच्या पाण्यात केएच १२ असेल, तर तेवढेच मासे आणि तेवढंच खाद्य असूनही महिनोन्महिने काही होत नाही. दोघांच्या टँकमध्ये फरक आहे तो पाण्याचा. खानापूरच्या माणसाची निगा कमी पडते असं नाही.

यावर पहिला उपाय नेमाने पाणी बदलणं (प्रश्न ८), कारण प्रत्येक बादलीबरोबर थोडा केएच परत येतो. दुसरा, खाद्य कमी करणं. दोन मिनिटांत संपेल एवढंच. मूळ पाण्यातच केएच नसेल तर प्रश्न १० बघा.

१०. केएच वाढवायचा कसा?

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो शिंपल्यांचा चुरा. कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळतो. मूठभर घ्या, धुवा, उकळा, जुन्या पातळ मोज्यात किंवा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरच्या प्रवाहात ठेवा. त्याचा गुण असा, की पाणी आम्ल होऊ लागलं की तो जास्त विरघळतो आणि पाणी सावरलं की मंदावतो. आपण विसरलो तरी तो काम करत असतो. दर आठवड्याला केएच मोजा आणि हवा तेवढा झाला की चुरा थोडा कमी करा.

लवकर परिणाम हवा असेल तर खायचा सोडा. १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की केएच साधारण १ अंश वाढतो. ४५ लिटरला चहाचा पाव चमचा, सपाट. टँकचंच पाणी पेल्यात घेऊन त्यात विरघळवा आणि थोडं थोडं ओता. दिवसाला १ अंशापेक्षा जास्त नको. पीएचही थोडा वर सरकतो, म्हणून घाई नाही.

धुण्याचा सोडा वेगळा, तो कधीच नाही. पानाचा चुनाही नाही. चिमूटभर चुन्याने छोट्या टँकचा पीएच काही मिनिटांत ९-१० च्या पुढे जाऊ शकतो. आणि टँक बरेच महिने दुर्लक्षित असेल, तर सोड्याला हात लावण्याआधी प्रश्न २० वाचा.

११. पीएच ८ च्या वर आहे. लिंबू पिळू काय? की व्हिनेगर?

नको. जड पाण्यात लिंबू पिळला की पीएच उतरलेला दिसतो. आम्ल बायकार्बोनेटला भिडतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि तो पाण्यात आहे तोवर आकडा खाली राहतो. रात्रभरात तो उडून जातो आणि सकाळी पीएच पुन्हा जवळजवळ होता तिथे. लिंबू वाया गेला, शिवाय केएच थोडा कमी झाला. असं पाच-सहा दिवस केलं की एक दिवस असा येतो, पीएच खाली जातो आणि परत येतच नाही. दुकानातल्या "पीएच डाऊन" बाटलीचंही हेच होतं.

खरंच कमी करायचा असेल तर आधी केएच कमी करावा लागतो, म्हणजे मऊ पाणी मिसळावं लागतं (प्रश्न १४). देशी बदामाची वाळलेली पानं चांगली, फायटरला तर फारच मानवतात. पण त्यांनी पीएच उतरतो तो मऊ पाण्यातच. जड पाण्यात फक्त चहासारखा रंग येतो. मासे गप्पी-मॉली असतील तर ८.२ ला काहीच करू नका.

१२. बोअरचं पाणी काढल्या काढल्या पीएच ६.९ आणि दुसऱ्या दिवशी ८. किट बिघडलं काय?

किट बरोबर आहे. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. वर आल्यावर तो हळूहळू उडतो आणि पीएच आपल्या खऱ्या जागी येतो. म्हणून पाणी नेहमी बादलीत एअर स्टोन लावून २४ तासांनी मोजायचं. तोच आकडा माशांचा. ताजं बोअरचं पाणी थेट ओतलं तर टँकमध्ये हा चढ-उतार माशांसमोर घडतो. शिवाय त्यात प्राणवायूही कमी असतो.

१३. सकाळी ७, संध्याकाळी ७.८. असं रोज होतंय, काय करू?

झाडं आहेत ना टँकमध्ये? दिवसा उजेडात ती कार्बन डायऑक्साइड घेतात, पीएच चढतो. रात्री झाडं आणि मासे मिळून तो सोडतात, पीएच उतरतो. थोडा चढ-उतार नैसर्गिक आहे, तळ्यातही होतो. फार मोठा असेल तर केएच बघा, आणि रात्री एअर पंप चालू ठेवा.

१४. आरओचं पाणी शुद्ध, मग तेच भरलं तर? आणि पावसाचं?

आरओच्या पाण्यात केएच जवळजवळ शून्य. नुसतं तेच भरलं तर प्रश्न ९ मधलं संकट काही आठवड्यांतच येतं. मिसळायला मात्र ते उत्तम. १२ अंश केएचचं बोअरचं पाणी एक भाग आणि आरओ दोन भाग, की झालं ४ अंश.

उन्हाळ्यात आटलेलं पाणी भरून काढायलाही आरओ चांगलं. वाफ होऊन फक्त पाणी उडतं, क्षार खालीच राहतात. जड पाण्याने भर घालत राहिलं तर क्षार साचत जातात.

पावसाचं पाणी आरओसारखंच मऊ. निसर्गतःच ते किंचित आम्ल, ५.६ च्या आसपास. मृगाच्या पहिल्या सरी जाऊ द्या, त्यात छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण येते. कौलांवरून आलेलं घ्या. सिमेंटच्या गच्चीवरून आलेल्या पाण्यात चुना उतरतो.

१५. शहाबादी फरशीचा तुकडा, नदीतले गोटे, गोव्याहून आणलेले शंख-शिंपले घालू काय?

शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक. शंख, शिंपले, पोवळं, संगमरवर ही सगळी चुन्याचीच भावंडं. पाणी मऊ असेल तर ती मदत करतात, जड असेल तर आणखी जड करतात.

ओळखायचं कसं? दगड कोरडा करा, चाकूने एक जागा खरवडा आणि त्या भुकटीवर व्हिनेगरचे चार थेंब सोडा. कान जवळ नेलात तर चुनखडकावर बारीक चरचर ऐकू येते आणि बुडबुड्यांची पांढरी कडा उठते. काळ्या दगडावर थेंब नुसता बसून राहतो. काळा दगड आणि गारगोटी निर्धास्त घाला. जांभ्यात चुना नसतो, पण तो झिजून पाणी तांबूस करतो.

१६. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतंय. तुरटी फिरवली तर?

पिण्याच्या घागरीत फिरवतो तशी टँकमध्ये कधीच नाही. तुरटी गाळ खाली बसवते ती केएच खर्च करून, आणि मऊ पाण्यात पीएच झटकन पडतो. बादलीत पाणी दोन दिवस स्थिर ठेवा, वरचं निथळ पाणी घ्या. टँक हलका गढूळ राहिला तरी माशांचं काही बिघडत नाही.

१७. घरी नवीन संप (जमिनीखालची पाण्याची टाकी) बांधलाय. तेव्हापासून मासे मरताहेत.

नव्या सिमेंटमधून चुना उतरतोय. असं पाणी ९-१० च्या पुढेही जाऊ शकतं. संप भरून चार-पाच दिवस ठेवा, रिकामा करा, असं निदान तीनदा. ते पाणी बांधकामाला किंवा अंगण धुवायला वापरा. नंतर पीएच मोजा. तोवर टँकसाठी शेजारच्या विहिरीचं पाणी आणा. मासे ठेवायला सिमेंटची नवी टाकी बांधली असेल तरी हाच नियम.

१८. एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी येतं. तेव्हाच मासे का आजारी पडतात?

कारण संपात रोज वेगळं पाणी येतं. काल धरणाचं मऊ, आज कुठल्यातरी बोअरचं जड. टँकर आला की आधी केएच मोजा. फरक ३-४ अंशांचा असेल, तर एका वेळी दहावा हिस्साच बदला, तोही दिवसाआड. मी मार्चमध्येच शंभर लिटरचा एक झाकणाचा ड्रम चांगल्या पाण्याने भरून सावलीत ठेवतो. छोट्या टँकला तेवढ्यात पावसाळा गाठता येतो.

१९. कोल्हापूरहून मासे आणले. पाण्यात सोडायची बरोबर रीत कोणती?

दोन-तीन तासांचा प्रवास असेल तर पिशवी १५-२० मिनिटं टँकवर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी आत घाला, पाऊण ते एक तास. शेवटी मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये नको.

कोलकाता किंवा चेन्नईहून पार्सलने आलेल्या पिशवीला मात्र ही रीत लावू नका. ३०-३५ तास बंद राहिलेल्या पिशवीत अमोनिया साचतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून तो अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडून थेंब थेंब पाणी घालत बसलं की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. २५ अंश तापमानाला, ७ पीएचवर एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ वर पाच टक्क्यांच्या पुढे. इथे पिशवी न उघडता तापमान जुळवा, मग उघडताच मासे काढून सरळ टँकमध्ये सोडा. दुकानदाराला आधीच त्याच्या पाण्याचा पीएच आणि केएच विचारून टँक त्याच्या जवळपास आणून ठेवलेला असला, तर उत्तमच.

२०. जुने मासे दोन वर्षं ठणठणीत आहेत. नवीन आणला की दोन दिवसांत मरतो. दुकानदार फसवतोय काय?

बहुतेक वेळा दुकानदाराचा दोष नसतो. टँकचा पीएच मोजा. अशा टँकमध्ये तो ६ च्या खाली सापडतो आणि केएच शून्य. पाणी नुसतं वरून भरलं गेलेलं असतं, बदललेलं नसतं. जुने मासे महिनोन्महिने हळूहळू खाली उतरत गेले, म्हणून त्यांनी सोसलं. नव्याला तो उतार एका तासात उतरावा लागतो.

पीएच ६ च्या खाली गेला की अमोनिया खाणारे जिवाणूही जवळजवळ थांबतात. अमोनिया साचत जातो, पण आम्ल पाण्यात तो सौम्य रूपात असतो. आता तुम्हाला हे कळलं आणि घाबरून अर्धं पाणी बदललं किंवा चमचाभर सोडा घातला, तर पीएच ७.५ वर जातो, साचलेला अमोनिया विषारी होतो, आणि जे जुने मासे इतकं सोसून जगले तेच संध्याकाळपर्यंत जातात. असे फोन मला आले आहेत, आणि तेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

म्हणून रोज दहावा हिस्सा पाणी बदला, दहा-पंधरा दिवस. खाद्य निम्मं करा. अमोनिया रोज मोजा. तो शून्यावर आला आणि पीएच ७ च्या आसपास स्थिरावला, की शिंपल्यांची पिशवी लावा. नवीन मासा त्यानंतर महिन्याने.

२१. पाच दिवस सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जायचंय. शेजाऱ्याला खाद्य घालायला सांगू काय?

नको. धडधाकट मोठे मासे पाच दिवस उपाशी सहज राहतात. शेजारी मायेने मूठभर घालतो, ते तळाशी कुजतं, आणि परत येईपर्यंत अमोनिया चढलेला, केएच उतरलेला. निघण्याच्या दोन दिवस आधी नेहमीएवढंच पाणी बदला, निघताना खाद्य घालू नका. शेजाऱ्याला एवढंच सांगा, की लाईट जाऊन आल्यावर पंप चालू आहे का ते बघून जा. फिल्टर दिवसभर बंद राहिला असेल, तर आतला स्पंज टँकच्या पाण्यात पिळून मगच चालू करायचा. बंद फिल्टरमध्ये साचलेलं घाण पाणी तसंच आत यायला नको. पिल्लं असतील तर मात्र त्यांच्यासाठी माणूस लागतोच. अशा वेळी रोजच्या खाद्याच्या पाच पुड्या बांधून द्या, आणि डबा कपाटात ठेवून जा.